तिरक्या बुडाचे ठोकळे

धाकटी परत आल्यापासून तुझं काय बिनसलंय, असं कोणी थोरलीला विचारलं असतं तर तिने "कुठे काय" म्हटलं असतं आणि रंधा जरा जोरात मारला असता. विचारणाऱ्याने त्यावरून काय ते समजून घ्यावं. पण विचारणार कोण? घरात माणसं तीन. त्यातल्या दोघांना सध्या शब्दांचं वेड लागलेलं, आणि उरलेली तिसरी ती स्वतःच.

घर मागे आणि सुतारखाना पुढे. लांबट खोली, रस्त्याच्या बाजूला दोन खिडक्या, मधोमध कामाचं जाड टेबल. चित्रांच्या चौकटी, खुंट्या, लहान मुलांचे ठोकळे, असलं बारीक काम तिथे चालायचं. टेबलाच्या एका बाजूला थोरली उभी, दुसऱ्या बाजूला स्टुलावर तिचे वडील, अण्णा. सव्वीस वर्षं हे असंच होतं. सात वर्षांपूर्वी अण्णांची नजर गेली. उजेड आणि अंधार एवढंच कळायला लागलं. आता हे खाट धरणार असं सगळ्यांना वाटलं, पण दुसऱ्या दिवशी अण्णा स्टुलावर हजर. म्हणाले, "डोळे गेले तर गेले. हात आहेत ना?"

आणि हात होते. कुठलाही सांधा ते बोटांनी चाचपायचे, खाचेत करंगळी फिरवायचे, आणि पसंत पडला की बुडाला पेन्सिलीची एक बारीक रेघ ओढायचे. त्या रेघेशिवाय तिथून साधी खुंटीसुद्धा बाहेर पडत नसे. थोरलीच्या कामात ते मुद्दाम चूक शोधायचे. "डावरे, हा कोपरा चढलाय," म्हणायचे, आणि तो खरंच केसभर चढलेला असायचा.

डावरी हे तिचं नाव त्यांनीच पाडलेलं. ती डावखुरी. लहानपणी शाळेत त्या हातावर पट्ट्या बसायला लागल्या तेव्हा अण्णा शाळेत जाऊन कडकडून भांडले होते, आणि घरी येऊन त्यांनी तिच्यासाठी डाव्या हाताला बसेल असा रंधा स्वतः बनवला होता. लग्नाचं वय आलं आणि गेलं. तिचं जमलं नाही की तिनेच जमू दिलं नाही, यावर नातेवाइकांनी पुष्कळ तोंडसुख घेतलं. तिला टेबलाची आपली बाजू पुरत होती. समोर अण्णा असले की झालं.

मग धाकटी आली. अठरा वर्षं ती दुसऱ्या गावी शिक्षिका होती. नवरा बोटीवर, वर्षातून दोनदा घरी. शाळा बंद पडली, तशी ती दोन बॅगा आणि एक पुठ्ठ्याचं खोकं घेऊन वडिलांकडे राहायला आली. खोक्यात कागदाचे कपटे होते, शेकड्याने. प्रत्येकावर शब्दाचा एकेक तुकडा.

"अण्णा, मोठा शब्द दिसला की मुलं बिचकतात," तिने पहिल्याच दिवशी सांगायला सुरुवात केली. "मी त्यांना सांगायची, हा मोठा नाही रे, दोन छोट्यांचा बनलाय. फक्त सांधा शोधा."

सांधा हा शब्द कानावर पडला आणि म्हातारा तिथेच पाघळला. उभा जन्म ज्याच्यात गेला ती गोष्ट. "शब्दांनाही सांधे असतात?"

"असतात तर. दुकान आणि दार. इथे दार म्हणजे दरवाजा नव्हे हं. ज्याच्यापाशी ती गोष्ट आहे, तो. दुकानदार, रंगदार, रुबाबदार."

"आणि दंगेखोर?"

"दंगे आणि खोर. लाचखोर, चुगलखोर. खोर लागला की माणूस वाईट खोडीचा, असं समजायचं."

"थट्टेखोर वाईट नसतो," अण्णा म्हणाले.

"तुम्ही स्वतः थट्टेखोर आहात म्हणून तुमची वकिली चाललीय."

दोघं मोकळेपणी हसली. थोरलीने करवत सुरू केली.

त्या आठवड्यातच ठरलं की हे कपटे लाकडात उतरवायचे. प्रत्येक ठोकळ्यावर एक तुकडा कोरायचा. 'दुकान', 'रंग', 'दंगे', 'मोठे', 'आपले' अशा ठोकळ्यांना खाच, आणि 'दार', 'खोर', 'पणा' असल्या शेपटांना त्या खाचेत बसणारं कुसू. दारचं कुसू गोल, खोरचं चौकोनी, पणाचं तिकोनी. भाषेत जे जुळत नाही ते लाकडातही जुळता कामा नये, ही धाकटीची अट. मुलाने दुकानला खोर लावायला घेतलं तर ते बसूच नये. चूक काढायला शिक्षक कशाला हवा, लाकूडच काढेल. अण्णा तर या कल्पनेवर इतके खूश झाले की दोन दिवस जेवताना दुसरं बोलणं नव्हतं.

अडलं एकाच ठिकाणी. पणा म्हणजे काय, असं अण्णांनी विचारलं. धाकटी म्हणाली, एकटा असला तर काहीच नाही. मोठेला लागला की मोठेपणा, आपलेला लागला की आपलेपणा. एकट्याने त्याला उभं राहताच येत नाही. पण हे मुलांना लाकडात कसं दाखवायचं? दोघं बराच वेळ डोकं खाजवत बसली. शेवटी टेबलापासून थोरली म्हणाली, "बूड तिरकं कापा. एकटा ठेवला की पडेल, जोडला की उभा राहील."

अण्णांनी मांडीवर थाप मारून धाकटीकडे मान वळवली. "वा! याला म्हणतात डोकं. काय गं मास्तरीण?"

धाकटी "अहो अण्णा, ही तर ताईची" असं काहीतरी म्हणत होती. पण तोवर थोरलीने करवत लावली होती आणि पुढचं कोणालाच ऐकू आलं नाही. यात चूक कोणाची ते ठरवा. थोरलीने ते केव्हाच ठरवलं होतं.

त्यानंतर तिच्या अंगाचा तिळपापड व्हायला काहीही पुरायचं. अण्णांचं स्टूल रोज सकाळी तासभर खिडकीपाशी, धाकटीच्या टेबलाशी जाऊ लागलं. मग दोन तास. धाकटीने घासलेल्या ठोकळ्याच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या, तरी त्यांच्यावर "चालेल, चालेल" म्हणत रेघ. थोरलीचा कोपरा मात्र अजून केसभर चढलेलाच. मास्तरीण हे नवं नाव ते दिवसातून वीसदा घ्यायचे, आणि घेताना आवाजाला एक वेगळीच साय यायची. एकदा लाकूडवाल्याला फोनवर सांगत होते, "माझ्या मुलीने काढलंय हे सगळं." मुलीने. थोरली तिथेच तीन हातांवर 'पणा'ची तिरकी बुडं कापत उभी होती.

रात्री अंथरुणावर पडल्यावर ती स्वतःला समजवायची की धाकटी वाईट नाही. उलट हेच तर दुखणं होतं. धाकटी वाईट असती तर किती सोपं झालं असतं.

गावातल्या एका शाळेच्या मोठ्या बाईंनी नमुन्याची पेटी मागवली. पसंत पडली तर साठ पेट्यांचं काम. गुरुवारी चाळीस ठोकळे तयार झाले. अण्णांनी एकेक हातात घेऊन तपासला, चाळीस रेघा ओढल्या, आणि धाकटीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मास्तरीण, तू आलीस आणि या खोलीत जीव आला बघ."

मग दोघं आत जेवायला गेली. थोरली म्हणाली, मी मागाहून येते.

म्हणजे सव्वीस वर्षं इथे मढं पडलं होतं का? तिने हे मोठ्याने म्हटलं नाही, पण कानस उचलली. काय करायचं ते ठरवून उचलली असंही नाही. हातात आल्यावर ठरलं. तिने एक ठोकळा घेतला आणि त्याची खाच आतून अर्धं सूत रुंद केली. मग दुसरा. बारा ठोकळे होईपर्यंत तिचे हात थांबले नाहीत, आणि खरं सांगायचं तर त्या वीस मिनिटांत तिला बऱ्याच महिन्यांनी बरं वाटत होतं. आता कुठलंही शेपूट कशालाही बसलं असतं. लाकूड चूक काढेल म्हणे. काढू दे. भुसा तिने फुंकून टाकला, पेटी बंद केली आणि हात धुऊन जेवायला बसली. धाकटीने तिला वाढलं.

शुक्रवारी तिघं शाळेत गेली. वर्गात लहान बाकं, भिंतीवर मुलांची चित्रं, मोठ्या बाई मागच्या खुर्चीवर. धाकटीने पेटी उघडली आणि सुरेख सुरुवात केली. 'पणा' टेबलावर ठेवला, तो पडला. मुलं हसली. 'मोठे'ला लावला, उभा राहिला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. अण्णा आवाजाच्या दिशेला मान करून ऐकत होते. टाळ्यांसरशी त्यांचा चेहरा फुलला.

"आता तुम्ही जोडा," धाकटी मुलांना म्हणाली. "चुकीचं असेल तर बसणारच नाही. लाकूडच सांगेल."

एका मुलीने दुकानला खोर लावलं. ते बसलं. तिने मोठ्याने वाचलं, "दुकानखोर." वर्ग हसला. दुसऱ्याने रंगपणा केला. कोणी दंगेदार. मागून एकाने ओरडून सांगितलं, "बाई, आपलेखोर," आणि मग हसण्याचा असा गदारोळ उठला की धाकटीचा आवाज त्यात बुडून गेला. ती एकेक जोडी हातात घेऊन बघत होती. अठरा वर्षांत तिने वर्गाला कधी पाठ दाखवली नव्हती. आता ती फळ्याकडे तोंड करून उभी राहिली.

थोरलीने हे सगळं पाहिलं. हेच तर पाहायचं होतं तिला. मग आपण खाली का बघतोय, ते तिला कळेना.

"गंमत छान आहे," मोठ्या बाई म्हणाल्या, "पण यात शिकवण कुठे आहे? सगळंच सगळ्याला बसतंय."

तेवढ्यात अण्णा उठले. बाकांना हात लावत टेबलापाशी आले आणि त्यांनी पेटीतला एक ठोकळा उचलला. करंगळी खाचेत घातली, सावकाश फिरवली. पुन्हा फिरवली. कानशीच्या रेघा ज्या हाताने मारल्या त्या हाताच्या बाजूला कलतात. त्या घरात डाव्या बाजूला कलणाऱ्या रेघा मारणारं माणूस एकच होतं, आणि त्याला कानस धरायला अण्णांनीच शिकवलं होतं.

अण्णांनी दुसरा ठोकळा चाचपला नाही. मान वर केली.

"माफ करा बाई. दोष माझा आहे," ते म्हणाले. "काल मला खाचा घट्ट वाटल्या, म्हणून मीच कानस फिरवली. अंदाज चुकला. वय झालं, हातात काही राहिलं नाही आता. माझ्या मुलींची यात काही चूक नाही."

मोठ्या बाईंचा आवाज एकदम मऊ झाला. आंधळ्या म्हाताऱ्याशी लोक बोलतात तसा. "असू दे, असू दे हो आजोबा. वयानुसार होतंच. पुढच्या शुक्रवारी दुसरी पेटी आणा."

सात वर्षांत त्यांच्याशी कोणी त्या आवाजात बोललं नव्हतं. ते तसं बोलू देत नसत.

घरी आल्यावर अण्णांनी शाळेतही घालून गेलेला कामाचा ॲप्रन काढून खिळ्याला लावला. मग टेबलाकडे गेले, तपासणीची पेन्सिल खिशातून काढली आणि थोरलीच्या समोर धरली. "यापुढे रेघ तू ओढायची, डावरे. तुझा हात माझ्यापेक्षा पक्का आहे."

सव्वीस वर्षांत हे वाक्य ऐकायला तिने काय दिलं नसतं? तिने पेन्सिल घेतली. अण्णांच्या चेहऱ्यावर राग शोधला. तो दिसला असता तर पाया पडता आलं असतं, रडता आलं असतं. चेहरा साधा होता, नेहमीचा.

धाकटीने तिला स्वयंपाकघरात गाठलं. डोळे लाल. "ताई, माझ्या खेळापायी अण्णांचं हे झालं. नजर गेली तेव्हा म्हणाले होते ना, हात आहेत म्हणून. आता काय आहे त्यांच्याजवळ?" आणि ती थोरलीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. थोरली काठीसारखी ताठ उभी राहिली.

दुसऱ्या दिवसापासून धाकटीने अण्णांना पटाशीला हात लावू दिला नाही. चहाचा कप त्यांच्या दोन्ही तळव्यांत ठेवून वर "गरम आहे, सांभाळून" म्हणायला लागली. भाजी चिरायला बसले तर सुरी काढून घेतली. अण्णा मुकाट्याने सगळं करू देत होते. मात्र हात रिकामे राहिले की बोटं खुर्चीच्या कडेवरून आपोआप फिरायची, जोड चाचपत.

थोरली नव्या पेटीला बसली. जुने ठोकळे मोजले तर एकोणचाळीस. 'आपले' नव्हतं. शाळेत राहिलं असेल म्हणून तिने नवं कापलं. सांधा घातला, स्वतःच तपासला, स्वतःच रेघ ओढली. बरोबर आहे की नाही हे सांगणारं समोर कोणी नव्हतं. टेबलाची पलीकडची बाजू रिकामी.

कारण अण्णांना आता टेबलाशी कामच उरलं नव्हतं. स्टूल सकाळी खिडकीपाशी जायचं ते दिवे लागेपर्यंत तिथेच. धाकटी शब्द सांगायची, अण्णा मोडायचे. "बेजबाबदारपणा," ती म्हणायची, आणि अण्णा बोटांवर "बे, जबाब, दार, पणा. चार डब्यांची गाडी आहे की गं ही," म्हणून हसायचे. तासभर नव्हे, दोन तास नव्हे, आता अख्खा दिवस ते धाकटीचे होते. आणि ही व्यवस्था थोरलीने आपल्या डाव्या हाताने करून दिली होती.

शनिवार गेला, रविवार गेला. सोमवारी तिने दोन ठोकळे वाया घालवले. मंगळवारी अण्णा कशावर तरी इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि धाकटीने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. थोरलीच्या हातातली पेन्सिल मोडली.

आता ती पश्चात्तापाने पोळून गेली असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. पश्चात्ताप होता, नव्हता असं नाही. पण त्या क्षणी तिला उठवलं ते जुन्याच जळफळाटाने. तिला अण्णा परत हवे होते, समोरच्या स्टुलावर, तिच्या कोपऱ्यांना नावं ठेवत. त्यासाठी जे बोलावं लागेल ते ती बोलायला तयार होती.

ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

"अण्णांचे हात शाबूत आहेत," ती धाकटीला म्हणाली. "त्यांनी कानस लावलीच नव्हती. मी लावली. गुरुवारी, तुम्ही जेवत होतात तेव्हा."

धाकटीला आधी कळलंच नाही. मग कळलं. "का, ताई?"

"मला सहन होत नव्हतं म्हणून."

"काय?"

"तू."

अण्णांनी खिशात हात घातला आणि एक ठोकळा काढून टेबलावर ठेवला. 'आपले'. बूड सपाट, एकटा उभा राहणारा. "पाच दिवस लावलेस, डावरे," ते म्हणाले. "सोमवारपर्यंत बोलशील असं मी धरून चाललो होतो." मग ते उठले, भिंत चाचपत खिळ्यापाशी गेले, ॲप्रन अंगात घातला आणि टेबलाच्या आपल्या बाजूला येऊन उभे राहिले. "आण बघू, काय काय करून ठेवलंयस."

धाकटी उठून आत निघून गेली. जाताना कपट्यांचं खोकंही उचलून घेऊन गेली.

थोरलीने नवे ठोकळे एकेक करून त्यांच्या हातात दिले. त्यांची बोटं इतकी भुकेली होती की एकेका खाचेत करंगळी तीनतीनदा फिरत होती. सातव्या ठोकळ्याला थांबली. "कोपरा चढलाय," ते म्हणाले. तिने कानस घेतली. डोळ्यांतून घळघळा पाणी वाहत होतं. अण्णांना ते दिसत नव्हतं, म्हणून तिने पुसलंही नाही.

चार वाजता धाकटी चहा घेऊन आली. रोज ट्रेमध्ये तीन कप असायचे. आज दोन होते. एक तिने अण्णांच्या हाताजवळ ठेवला, या वेळी गरम आहे म्हणून सांगितलं नाही. दुसरा घेऊन ती खिडकीपाशी पाठमोरी बसली.

अण्णांनी कप ठेवल्याचे आवाज ऐकले. एक, मग दूरवर दुसरा. तिसऱ्याची त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग आपला अर्धा चहा बशीत ओतला, अंदाजाने, एक थेंब न सांडता, आणि बशी टेबलावरून समोरच्या बाजूला सरकवली.

"घे," ते म्हणाले. "तिच्याकडून मिळायला वेळ लागेल."

थोरलीने बशी उचलली. खिडकीपाशी धाकटी पाठ करून बसली होती, आणि त्या पाठीकडे बघत थोरलीने सगळा चहा गार होईपर्यंत हातात धरून ठेवला.